सात कामं, एक औजार

माणसाने कृषी प्रदर्शनाला जावं ते एक तर शेती असेल तेव्हा, नाही तर खिशात पैसे नसतील तेव्हा. मला शेती नाही आणि त्या दिवशी नेमका पगार झाला होता. घात झाला तो इथेच.

सावेडीत आमच्या घरामागे बारा फूट बाय अठरा फूट जागा आहे. सौ. तिला 'परसबाग' म्हणते, मी 'स्थावर मालमत्ता' म्हणतो आणि शेजारचे निवृत्त ओव्हरसियर तिला 'डासांचं माहेर' म्हणतात. तिच्यात एक पेरू, एक डाळिंब, कढीपत्ता आणि थोडा अळू आहे. बाकी सगळी हराळी. त्यांतली हराळी तेवढी मी न लावता आलेली आहे आणि तीच सर्वांत जोमात आहे.

प्रदर्शनात एक तरुण विक्रेता लाल मातीच्या ढिगाऱ्यापुढे उभा राहून बोलत होता. त्याने मला गर्दीतून अचूक हेरलं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर पगाराची तारीख लिहिलेली असते की काय कोण जाणे.

"साहेब, बागेची औजारं किती आहेत घरी?"

मी बोटं मोडली. कुदळ, फावडं, खुरपं, विळा, कोयता, पहार, दाताळं. सात.

"सात औजारांना सात जागा, सात मुठी, सात वेळा धार. हे एक घ्या, सातांना सुट्टी द्या!" असं म्हणून त्याने एक पोकळ नळी उचलली, तिच्या टोकाला एक पातं फिरवून बसवलं आणि मातीत घातलं. माती लोण्यासारखी बाजूला झाली. पातं काढलं, दुसरं लावलं, ढिगारा सारखा केला. तिसरं लावून काहीतरी कापून दाखवलं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सात खर्च एका रकमेत बसताना दिसले की माझं भान सुटतं. चौदाशे नव्व्याण्णव रुपये मोजून मी ती नळी आणि पात्यांची पिशवी घरी आणली.

"हा कुठल्या पंख्याचा दांडा?" सौ.ने दारातच विचारलं.

"अगं, हे बहुउद्देशीय औजार आहे. एकात सात."

"तुम्ही घरात एक असून एका कामाला येत नाही. हे काय सात करणार?"

मी दुर्लक्ष केलं. संसारात आणि बँकेत काही शेरे वाचून पुढच्या पानावर जायचं असतं.

आता त्या जुन्या सात औजारांविषयी सांगायला हवं. ती आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. राहुरी तालुक्यातली आमची जमीन विकून आण्णा नगरला आले तेव्हा जमिनीचे पैसे घरात, दुखण्यात आणि माझ्या शिक्षणात गेले. बरोबर आली ती ही औजारं. जमीन गेली आणि औजारं राहिली, म्हणजे खातं बंद झालं आणि पासबुक राहिलं, तसलाच प्रकार. पुढे आण्णाही गेले. औजारं जिन्याखाली उभी होती. आमच्या बँकेत मोडक्या खुर्च्यांची नोंद ठेवायला 'डेड स्टॉक रजिस्टर' असतं. मनातल्या मनात मी ती तिथे कधीच चढवून टाकली होती.

नवं औजार आल्यावर जुना साठा काढून टाकणं हे हिशेबाला धरूनच होतं. रविवारी भंगारवाला आला. त्याने सातही औजारं पाहिली, काटा काढला आणि म्हणाला, "साहेब, लोखंडाचे पैसे देतो. लाकूड जमेत नाही. मुठी ठोकून काढाव्या लागतील."

त्याने खुरपं उलटं धरलं आणि दगड उचलला. त्या खुरप्याची मूठ बाभळीची. चाळीस-पन्नास वर्षं एकाच हाताने धरल्यामुळे तिला अंगठ्याची एक खोलगट जागा पडली आहे. आण्णांचा अंगठा बरोबर तिथे बसायचा.

"राहू द्या हो," सौ. एकदम म्हणाली. "पुढच्या वेळी या."

भंगारवाला गेला. मी सौ.कडे पाहिलं. ती आत चहा टाकायला गेली होती.

आता माझी पंचाईत झाली. हिशेब बरोबर होता आणि मन मात्र सही करायला तयार नव्हतं. कारकुनाची जुनी सवय अशी, की ताळा जमला नाही की मागची पानं काढायची. म्हणून मी थोडी जास्तच मागची पानं काढली.

आमच्या शहराची सुरुवातच मुळी बागेपासून आहे. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदने बहामनी फौजेचा इथे पराभव केला. त्या लढाईला इतिहासात 'बागेची लढाई' असंच नाव आहे. विजयाच्या जागी त्याने वाडा आणि बाग उभारली, बागेनिजाम, आणि पुढे जवळच शहर वसवलं. २०२४ साली जिल्ह्याचं आणि शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण एस.टी.तून उतरणारा माणूस अजून "नगर आलं का?" असंच विचारतो. सांगायचा मुद्दा असा, की बागकामाच्या बाबतीत आम्हा नगरकरांना पाचशे वर्षांचा अनुभव आहे. हराळीला बहुधा त्याहून जास्त असावा.

पण औजारांचा खरा कस लागला तो किल्ल्यात. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन किल्ल्यापुढे येऊन बसला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. आतल्या लोकांना सुगावा लागला, तेव्हा त्यांनी आतून खणत जाऊन काही सुरुंग निकामी केले. एक मात्र १५९६ च्या फेब्रुवारीत उडाला आणि तटाला भलंमोठं खिंडार पडलं. चांदबीबी स्वतः त्या खिंडारापाशी येऊन उभी राहिली. हल्ला थोपवला गेला आणि त्या एका रात्रीत खिंडार बुजवून काढलं. सकाळी मोगलांनी पाहिलं तर भिंत पुन्हा जागेवर! शेवटी वऱ्हाड घेऊन त्यांनी तह केला आणि वेढा उठवला.

आता कल्पना करा. त्या रात्री कोणी खणत असेल, कोणी दगड रेटत असेल, कोणी माती ओढत असेल, कोणी पाट्या वाहत असेल. समजा, माझ्या त्या विक्रेत्याचा कोणी पूर्वज किल्ल्यात असता आणि चांदबीबीला म्हणाला असता, "बीबीसाहेब, हे शेकडो नग कशाला? हे एक घ्या, सातांना सुट्टी द्या!" तर काय झालं असतं? एक जण खणत बसला असता आणि बाकीचे त्याचं पातं बदलून व्हायची वाट पाहत उभे राहिले असते. पहाटेपर्यंत मुराद आत येऊन चहाला बसला असता.

इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. पण ताळा अजून जमला नव्हता.

त्याच किल्ल्यात साडेतीनशे वर्षांनी दुसरा एक बागकाम करणारा आला. आला म्हणजे आणला गेला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना इंग्रजांनी नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. त्यांत पंडित नेहरू होते. १९४५ च्या मार्चपर्यंत ते इथे होते. नेहरूंनी वेळ घालवायला फुलांचे वाफे करायला घेतले. जमीन आमच्या सावेडीसारखीच, दगडगोट्यांनी भरलेली. खणता खणता त्यांना जुन्या भिंती लागल्या, घुमटांचे माथे लागले, एकदा दगडात कोरलेलं सुंदर कमळ लागलं. पण कैद्यांनी खोल खणावं हे अधिकाऱ्यांना मंजूर नव्हतं आणि तसल्या खोदकामाची औजारंही त्यांनी दिली नाहीत. तेव्हा मातीतला इतिहास खणायचं सोडून नेहरूंनी तो कागदावर खणायला घेतला. १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. ते १९४६ मध्ये छापलं गेलं. त्याच्या पहिल्या प्रकरणात त्यांनीच ही बागकामाची हकीकत सांगितली आहे. एका पहारीच्या अभावी देशाला एवढा मोठा ग्रंथ मिळाला. सरकारी खात्याने वस्तू न पुरवल्यामुळे झालेला एवढा फायदा दुसरा कुठला मला तरी ठाऊक नाही.

हे सगळं मी रात्री जेवताना सांगत होतो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, पण तुमच्या त्या नळीसारखं औजार शेतीसाठी कोणी केलंच नसेल का?"

केलं होतं. आणि चांगलं केलं होतं. जाँ नोल नावाच्या फ्रेंच तंत्रज्ञाने १९५० च्या दशकात आफ्रिकेत, सेनेगलमध्ये, बैलांनी ओढायचा एक दुचाकी लोखंडी सांगाडा तयार केला. त्यालाच नांगर जोडा, कुळव जोडा, पाभर जोडा, कोळपं जोडा. सगळं झालं की वर साटा ठेवा, की झाली बैलगाडी. पुढे हैदराबादजवळ पटनचेरूला १९७२ मध्ये इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिने 'ट्रॉपिकल्टर' नावाचा त्याचा नमुना भारतातल्या काळ्या जमिनीवर बारकाईने आजमावला. संशोधनाच्या शेतात यंत्र उत्तम चाललं. ते शेतकऱ्यांनी घ्यावं म्हणून अनुदानंही निघाली.

१९८८ मध्ये पॉल स्टार्की या तज्ज्ञाने जगभरातल्या असल्या यंत्रांचा हिशेब मांडला. तीस वर्षांत पंचेचाळीसहून अधिक नमुने निघाले होते आणि सुमारे १०,००० यंत्रं तयार झाली होती. त्यांतली वर्षानुवर्षं खऱ्या अर्थाने बहुउद्देशीय म्हणून शेतकऱ्यांनी किती वापरली? नगण्य. बरीचशी पडून राहिली आणि उरलेल्यांची गाडी झाली. नुसती गाडी! त्याने पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलं आहे: 'परफेक्टेड यट रिजेक्टेड'. म्हणजे सर्वगुणसंपन्न, पण नापसंत. आमच्याकडे काही स्थळांचं असंच होतं.

का नाकारलं शेतकऱ्यांनी? अडाणी म्हणून? मुळीच नाही. यंत्र महाग होतं, जड होतं, वळवायला अवघड होतं आणि एक जोड काढून दुसरा बसवण्याचा खटाटोप मोठा होता. शिवाय एक चाक मोडलं की नांगर, पाभर आणि गाडी एकदमच आजारी. जुनी पाभर मोडली तर निदान गाडी चालू राहते, त्याच गाडीत घालून पाभर सुताराकडे नेता येते. आणि मुख्य म्हणजे पेरणीचा वाफसा काही कोणासाठी थांबत नाही. त्या दिवशी घरातला एक जण पाभर धरतो, दुसरा गाडीतून बी-खत आणतो, तिसरा बांध नीट करतो. तिघांची तीन कामं आणि तीन औजारं. यंत्र मात्र एका वेळी एकच काहीतरी असतं.

आण्णा इर्जिकीची गोष्ट सांगायचे. एखाद्याचं रान मागे पडलं, घरात दुखणं निघालं, बैल मेला, की भावकीतले आणि शेजारचे आपापली औतं-बैल घेऊन त्याच्या रानात उतरायचे. एका दिवसात काम उरकायचं. मजुरी नाही, फक्त गोडाचं जेवण. दहा जण आले ते प्रत्येकाकडे स्वतःचं औत होतं म्हणून. दहा घरांनी मिळून एकच 'एकात दहा' घेतलं असतं, तर इर्जिकीला एक जण आला असता आणि नऊ जण जेवायला आले असते.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नाही तर ऑडिटर आक्षेप घेईल. नवं ते सगळंच फसतं असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. पण एकदा त्याने खोल तास धरल्यावर लाकडी नांगर हळूहळू मागे पडला. मात्र हे लक्षात घ्या, की तो नांगरच होता. गाडी होण्याची त्याला हौस नव्हती. आणि ट्रॅक्टर? तो नांगरतो, पेरतो, रोटाव्हेटर फिरवतो, ट्रॉली ओढतो. बहुउद्देशीय औजारांच्या खानदानात हा एकटा पास झाला. पण तो ताकद स्वतःची घेऊन आला. ती बिचारी दुचाकी त्याच दोन बैलांच्या जिवावर सगळं करू पाहत होती. ट्रॅक्टर आला आणि इर्जिक गेली. आता शेजारी येत नाही, भाड्याचा ड्रायव्हर येतो.

हे लिहिताना मला एकदम बँक आठवली. मी नोकरीला लागलो तेव्हा टोकनचे पितळी बिल्ले शेवटच्या घटका मोजत होते. पैसे घेणारा वेगळा, देणारा वेगळा, लेजर बघणारा वेगळा, सही तपासणारा वेगळा. गिऱ्हाइकाला चार खिडक्या फिराव्या लागत, हे खरं. मग संगणक आला आणि 'सिंगल विंडो' आली. आता पैसे मीच घेतो, मीच देतो, पासबुक मीच छापतो, 'माझा अंगठा मशीन घेत नाही' ही आजीबाईंची तक्रार मीच ऐकतो आणि वरून विमा घ्या म्हणून मीच गळ घालतो. एकात सात! गिऱ्हाइकाची सोय झाली, नाकारत नाही. पण मी चहाला उठलो की सातही कामं एकदम चहाला जातात. आणि शेजारच्या तीन खुर्च्या? त्या डेड स्टॉक रजिस्टरात आहेत. त्यांवर बसणाऱ्यांची मुलं आज कुठे नोकरी शोधत असतील, हा रकाना त्या रजिस्टरात नाही.

अखेर ताळा जमला. विक्रेत्याने कामं मोजली होती आणि मीही त्याच्याबरोबर कामंच मोजली. मोजायचे होते हात. सात औजारं म्हणजे सात कामं नव्हेत. सात माणसं एका वेळी कामाला लागू शकतात, असा त्याचा अर्थ. एकट्या माणसाला 'एकात सात' पुरतं. घराला पुरत नाही आणि गावाला तर नाहीच नाही.

कामं मोजली आणि माणूस मोजायचा विसरलं की काय होतं, ते पाहायला आमच्या जिल्ह्याबाहेर जायला नको. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि पुढे जिल्हा साखरेचा झाला. ऊस तोडायला पाथर्डीकडून, शेजारच्या बीडमधून टोळ्या निघतात. मुकादम त्यांची मोजणी करतो ती अशी: नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा आला तर 'अर्धा कोयता'. उचल मिळते ती कोयत्यावर. दोन जिवंत माणसं आणि त्यांच्या मागे साखरझोपेतून उठवून आणलेली पोरं, या सगळ्यांचं मिळून वहीत नाव एका औजाराचं. तो कोयता ऊस तोडतो, वाढे छाटतो, मोळी बांधतो, गाडी भरतो, रात्री तीन दगडांवर भाकरीही भाजतो. इतकं बहुउद्देशीय औजार कुठल्याच प्रदर्शनात मिळायचं नाही. मी बी.कॉम. आहे. आकड्यांच्या मागे माणूस लपवण्याचं शास्त्र मी पैसे भरून शिकलो. पण हा हिशेब पाहिला की चहात साखर घालताना चमचा अडतो.

पुढच्या रविवारी मी जिन्याखालून औजारं काढली. कोपऱ्यावर रस्त्याच्या कडेला घिसाड्याचं बिऱ्हाड उतरलं होतं. त्याच्याकडून खुरपं, विळा आणि कुदळ पाजवून आणली. त्याने खुरप्याची मूठ हातात फिरवून पाहिली आणि विचारलं, "मूठ बदलायची?" मी नको म्हटलं. तो हसला. त्याला कळलं असावं.

मग बारा बाय अठरावर आमची इर्जिक झाली. चिरंजीवांनी कुदळ घेतली आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच हाताला फोड आणून दाखवले. कन्येने दाताळं घेतलं आणि ते धरून मैत्रिणीला फोटो पाठवला. मी फावडं घेतलं, कारण त्याला टेकून उभं राहता येतं. शेजारचे ओव्हरसियर कुंपणाशी येऊन सूचना देऊ लागले, तेव्हा त्यांच्या हातात पहार दिली. माणूस एकदम शांत झाला. आणि सौ.ने खुरपं घेतलं.

तासाभरात हराळी निम्म्यावर आली. सौ. वाफ्यात उकिडवी बसून खुरपत होती. मध्येच थांबून तिने मूठ पाहिली आणि म्हणाली, "अहो, आण्णांचा अंगठा मोठा होता, नाही? माझा आत बुडतो बघा."

मी फावड्याला टेकून उभा होतो. म्हटलं, "हो, मोठा होता."

दुपारी गोडाचा शिरा झाला. इर्जिकीला गोडाचं जेवण लागतंच. ओव्हरसियरांनी दोनदा घेतला.

आता त्या चौदाशे नव्व्याण्णवच्या नळीचं काय झालं, हे सांगितल्याशिवाय खातं बंद होणार नाही. जगभरातल्या त्या दहा हजार दुचाकींपैकी बऱ्याचशा पडून राहिल्या आणि उरलेल्यांची शेवटी गाडी झाली, हे वर सांगितलंच आहे. आमच्याही नळीला तिचं एक काम सापडलं. नगरला संक्रांतीला पतंगांचं काय वेड असतं ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या पेरूच्या शेंड्याला दर वर्षी आठ-दहा पतंग अडकतात. नळीच्या टोकाला विळ्याचं पातं फिरवून बसवलं की ते अलगद निघतात. गल्लीतली पोरं संक्रांतीला माझ्या नावाने नाही, तिच्या नावाने हाक मारतात.

उरलेली सहा पाती डेड स्टॉकमध्ये आहेत. जिन्याखाली आता जागा बरीच आहे.